सही जुळत नाही

ओरोसच्या आस्थापना शाखेत माझं टेबल खिडकीला लागून.
खाली कवायतीचं मैदान, चिऱ्याचा बांध,
आणि टेबलावर
पोलीस हवालदार जयवंत कुबल, बक्कल नंबर आठशे बारा,
सर्जेकोटच्या धक्क्यावर
गस्ती बोट आणि खांब यांच्या मध्ये
उजव्या हाताची तीन बोटं.

फाईल अशीच सुरू होते. क्रियापद नाही.

चौदा महिने झाले नुकसानभरपाईच्या अर्जाला.
पहिला शेरा: दाखला मूळ प्रतीत जोडावा.
दुसरा: अपंगत्वाची टक्केवारी अक्षरी लिहावी.
लिहिली. एकतीस, अक्षरी.
तिसरा वाचून मी पाणी प्यायला उठले:
'सदर रात्री नोंदवहीत डिझेलचा खर्च निरंक आहे.
सबब बोट धक्क्यावरून सुटली होती
असे दिसून येत नाही.'

निरंकच होता.
डिझेलचं अनुदान नोव्हेंबरपासून अडकलेलं.
बाहेरचे ट्रॉलर दिवे पेटवून बांगडा उपसत होते,
पुळणीवरून रापणवाले पोलिसांना शिव्या घालत होते
(त्यात कुबलांचे दोन चुलते, म्हणजे शिव्या घरच्याच),
तेव्हा पाच जणांनी खिशात हात घातले,
कॅन भरून आणले, गेले.
पदरमोड करून केलेली ड्युटी
कुठल्या रकान्यात लिहायची
हे वीस वर्षांत मला कुणी शिकवलेलं नाही.

भरतीचा निधी मात्र वेळेत आला.
त्याचं लेखाशीर्ष वेगळं.
मंडप, चुना, पायाला बांधायच्या चिपा,
केळी, ग्लुकोज, एक रुग्णवाहिका उभी,
बिलं मीच पास केली, एकही शेरा न येता.
पहाटे सहाला मुलींची आठशे मीटर.
माझी नेमणूक कागद तपासायला.

छाती क्रमांक अकराशे सत्तेचाळीस,
प्रणिता जयवंत कुबल.
तळाशिलच्या ओल्या वाळूत धावून
पिंढऱ्या अशा झालेल्या की बुटांची गरजच वाटू नये.
बाप रोज शिट्टी घेऊन उभा असायचा, तिनेच सांगितलं.
'हात गेलो म्हणान काय झाला,
शिट्टी तोंडान वाजता.'
कागद पुढे करताना ती थांबली.
हमीपत्रावर पालकाची सही होती,
डाव्या हाताची,
भरतीत कलंडलेल्या होडीसारखी.
'बाई, ही सही चलात ना?'

चौथा शेरा परवाच आला होता:
'अर्जावरील सही सेवापुस्तकातील सहीशी जुळत नाही.'

हमीपत्राची सही कशाशी जुळवावी
असं भरतीच्या परिपत्रकात कुठेच नाही.
मी शिक्का मारला. तपासले.
ती धावायला गेली. कितवी आली ते मी पाहिलं नाही,
पुढच्या मुलीचा जातीचा दाखला फाटका होता.

दुपारी कुबलांना वर बोलावलं.
म्हटलं, माझ्यासमोर सही करा.
अंगठा आणि करंगळी यांनी कागद दाबून धरला,
डाव्या हाताने आडनावापर्यंत पोहोचायला
त्यांना इतका वेळ लागला
की शेजारच्या टेबलावरचा चहा निवला.
मी खाली लिहिलं: माझ्यासमक्ष केली.
वीस वर्षांत माझं स्वतःचं म्हणावं असं
एवढंच वाक्य कुठल्या फाईलमध्ये असेल.

'आणि डिझेल?' मी विचारलं.
त्यांनी पाकिटातून घडी काढली,
मालवणच्या पंपावरची पावती.
चौदा महिने घामाला लागून
आकडे, तारीख, सगळं गेलेलं.
नुसता पांढरा कागद.
'अक्षरा उडाली,' ते म्हणाले.
'वास घेवन बघा.'

मी घेतला.

मग दाभणाने भोक पाडून
ती कोरी पावती फाईलला लावली
आणि कोपऱ्यात लाल शाईने
पान क्रमांक घातला:
त्र्याऐंशी.